चिठ्ठी कुणाकुणाच्या हातातून जाते?

दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात, युसूफ वडगावच्या आसपासच्या रस्त्यांवर ट्रक आणि ट्रॅक्टर दिसू लागतात. त्यांत धान्याची पोती, भांडी, कोपीसाठी लागणारं सामान, एखादी शेळी आणि सगळ्यात वर बसलेली माणसं असतात. ही ऊसतोडीला निघालेली बिऱ्हाडं. कोणी सोलापूर-सांगलीकडे जातं, कोणी कोल्हापूर-साताऱ्याकडे, कोणी सरळ कर्नाटकात. मार्च-एप्रिलमध्ये हंगाम संपला की ती परत येतात. याच तालुक्यात धनेगावला मांजरा नदीवरचं धरण आहे, त्याच्या पाण्यावर ऊसही होतो. पण बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या कोरडवाहू गावांना तेवढ्यानं वर्ष काढता येत नाही.

या भागात शिकवणाऱ्या शिक्षकांना पुढचं दृश्य सांगायला नको. हजेरीपटावर एकेका नावापुढे गैरहजेरीच्या खुणा लागत जातात. सप्टेंबरमध्ये भरलेला वर्ग नोव्हेंबरमध्ये विरळ होतो.

आता थोडं कागदांकडे पाहू या. या बिऱ्हाडांशी दोन मोठ्या नोंदव्यवस्थांचा संबंध येतो. एक शाळेची, दुसरी साखर कारखान्याची. शाळेची वार्षिक आकडेवारी सप्टेंबरअखेर घेतली जात असे. तिच्यात मूल हजर आहे. कारखान्याच्या कागदांवर ऊस कुणाचा, कोणत्या गटातला, किती टन भरला ते आहे; तोडणाऱ्याचं नाव बहुधा नाही. दोन्ही कागद खरं तेच सांगतात, तरी दोन्ही एकत्र ठेवून ते मूल आणि त्याचे आईबाप जानेवारीत कुठे आहेत, हे कळत नाही. कारण हे कागद तयार करताना जो प्रश्न विचारला गेला, तेवढ्याचंच उत्तर त्यांच्यात आहे.

संगणकाची व्यवस्था बसवण्याआधी ‘ही कुणासाठी, आणि त्यांना नेमकं काय हवं आहे’ हे ठरवण्याचं एक स्वतंत्र शास्त्र गेल्या पन्नास-साठ वर्षांत घडलं आहे. ते घडलं कसं आणि आपल्या उसाच्या फडाशी त्याचं काय नातं आहे, हे या लेखात पाहायचं आहे.

यंत्राचं काही चुकलं नव्हतं

१९६८ साली जर्मनीतल्या गार्मिश या गावी ‘नाटो’च्या विज्ञान समितीनं एक परिषद भरवली होती. मोठे संगणक तोवर कारखान्यांत, बँकांत, लष्करात पोचले होते. पण त्यांच्यासाठी लिहिलेले प्रोग्रॅम वेळेत पुरे होत नव्हते, खर्च हाताबाहेर जात होता आणि पुरे झालेलं कामही पुष्कळदा कुचकामी ठरत होतं. ‘सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’ हा शब्द रूढ झाला तो याच परिषदेपासून.

सुरुवातीला सगळ्यांचं लक्ष प्रोग्रॅम लिहिण्याच्या पद्धतीकडे होतं. हळूहळू ध्यानात आलं, की पुष्कळ ठिकाणी यंत्र सांगितलेलं काम बिनचूक करत होतं. त्याला सांगितलंच चुकीचं गेलं होतं. १९७० साली विन्स्टन रॉइस या अमेरिकन अभियंत्यानं मोठी प्रणाली उभारण्याच्या पायऱ्या एका आकृतीत मांडल्या. पहिली पायरी गरजा लिहून काढण्याची, मग आराखडा, मग प्रोग्रॅम, मग चाचणी. पाणी पायऱ्यांवरून खाली उतरावं तशी ही आकृती पुढे फार प्रसिद्ध झाली. गंमत म्हणजे, असं एकाच दिशेनं उतरत जाणं धोक्याचं आहे आणि वापरणाऱ्याला मधूनमधून सहभागी करून घ्यायला हवं, असा इशारा त्याच निबंधात होता. लोकांनी आकृती उचलली आणि इशारा मागे ठेवला.

१९८६ साली फ्रेड ब्रूक्स या संगणकतज्ज्ञानं तर स्पष्टच मांडलं, की नेमकं काय बांधायचं हे ठरवणं हाच या कामातला सगळ्यात अवघड भाग आहे. तो चुकला तर नंतर दुरुस्त करणंही सगळ्यात अवघड जातं. घरबांधणीची गोष्ट आठवा. जिना कुठे घ्यायचा हे कागदावर बदलायला खोडरबर पुरतं, स्लॅब पडल्यावर बदलायचा तर घण लागतो.

लंडनची रुग्णवाहिका

याचं एक दुःखद उदाहरण लंडनचं आहे. तिथल्या रुग्णवाहिका सेवेत पूर्वी दूरध्वनी आला की कारकून कागदाच्या चिठ्ठीवर माहिती लिहीत. ती चिठ्ठी सरकत्या पट्ट्यावरून पुढे जाई आणि अनुभवी कर्मचारी कोणती गाडी पाठवायची ते ठरवत. २६ ऑक्टोबर १९९२ रोजी हे सगळं काम संगणकाकडे सोपवण्यात आलं. काही तासांतच गोंधळ उडाला. कोणती गाडी कुठे आहे याची संगणकाकडची माहिती चुकत गेली. एका ठिकाणी दोन-दोन गाड्या पोचल्या, दुसरीकडे लोक वाट पाहत राहिले. दुसऱ्याच दिवशी अर्धं काम पुन्हा हातानं सुरू करावं लागलं.

चौकशीचा अहवाल १९९३ साली आला. प्रोग्रॅममधल्या दोषांबरोबरच आणखी एक गोष्ट त्यात होती. ज्यांनी ही व्यवस्था वापरायची, त्या नियंत्रण कक्षातल्या आणि गाड्यांवरच्या माणसांना ती घडवताना पुरेसं सामील करून घेतलेलं नव्हतं. गाड्यांवरची माणसं कधी नेमून दिलेली गाडी सोडून शेजारची घेऊन निघत. प्रत्येक टप्प्यावर गाडीतलं बटण दाबायचं होतं, ते घाईत राहून जाई. गाडी कुठे आहे आणि काय करते आहे हे संगणकाला जवळजवळ अचूक कळत राहील, असं आराखड्यात गृहीत धरलेलं होतं. रोजच्या कामातल्या अशा सवयी कोणत्याही नियमपुस्तकात नसतात. त्या कळायला काम करणाऱ्याशेजारी उभं राहावं लागतं.

अगदी याच विचारानं नॉर्वेत वीस वर्षं आधी एक वेगळा प्रयोग झाला होता. क्रिस्टन निगार्ड हे तिथले मोठे संगणकशास्त्रज्ञ. ‘सिम्युला’ ही संगणकभाषा त्यांनी ओले-योहान दाल यांच्याबरोबर घडवली. पुढे २००१ सालचा ट्यूरिंग पुरस्कार दोघांना मिळाला. याच निगार्ड यांनी १९७० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत लोखंड आणि धातू कामगारांच्या संघटनेबरोबर काम केलं. कारखान्यात येणारा संगणक आपल्या कामाचं काय करणार आहे, आपल्याला त्याच्याकडून काय हवं आहे, हे कामगारांनी स्वतः अभ्यासून मांडावं असा तो उपक्रम होता. नवी यंत्रणा आणण्यापूर्वी कामगारांना माहिती द्यायची आणि त्यांचं म्हणणं ऐकायचं, असे करार पुढे तिथे झाले. व्यवस्था वापरणाऱ्यांनी तिच्या घडणीत भाग घ्यावा, ही कल्पना तिथून जगभर गेली.

भागधारक आणि पणाला लागलेले

या शास्त्रात ‘स्टेकहोल्डर’ हा शब्द पदोपदी येतो. मराठीत त्यासाठी पुष्कळदा ‘भागधारक’ असं लिहिलेलं दिसतं. तिथे घोटाळा होतो. भागधारक म्हणजे ज्यानं शेअर घेतला तो. सहकारी साखर कारखान्याच्या भाषेत, सभासद. स्टेकहोल्डर म्हणजे त्या कामात ज्याचं काहीतरी पणाला लागलेलं आहे असा प्रत्येक जण. त्याच्याकडे शेअर असो वा नसो.

१९६३ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेच्या एका टिपणात हा शब्द आजच्या अर्थानं आला. ज्या गटांच्या पाठिंब्याविना संस्था उभीच राहू शकणार नाही ते गट, असा त्याचा अर्थ तिथे दिलेला होता. ही कसोटी साखर कारखान्याला लावून पाहा. ‘कोयता बंद’ची हाक आली की काय होतं? ऊस रानात उभा राहतो आणि गव्हाण रिकामी राहते. म्हणजे भागधारकांच्या वहीत नसलेला तोडणी मजूर या कसोटीला पुरेपूर उतरतो.

वारणेची तारजोडणी

आता आपल्याकडची गोष्ट. कोल्हापूर जिल्ह्यात वारणानगरला तात्यासाहेब कोरे यांनी उभा केलेला सहकाराचा मोठा पसारा आहे. साखर कारखाना, दूध संघ, बझार, शिक्षणसंस्था असं सगळं. १९९८ साली पंतप्रधान कार्यालयाच्या पुढाकारानं इथे ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. केंद्र सरकार, महाराष्ट्र सरकार आणि वारणा समूह यांनी मिळून खर्च उचलला, आणि संगणकाची उभारणी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रानं केली. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली सुमारे ७० गावं त्यात होती. ५० हून अधिक केंद्रांवर संगणक बसले. पिकांची माहिती, बाजारभाव, सरकारी योजना, शिक्षण, आरोग्य असं पुष्कळ काही त्यावरून गावात पोचावं अशी अपेक्षा होती.

काही वर्षांनी बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाचे राजेश वीरराघवन, नागा यशोधर आणि केंतारो तोयामा हे संशोधक तिथे गेले. त्यांनी केंद्रांवर प्रत्यक्ष काय चालतं ते पाहिलं. संगणक वापरला जात होता तो मुख्यतः उसाच्या कामासाठी. लागण नोंदवणं, तोडीची परवानगी, वजन, खत, बिल, एवढंच. हा व्यवहार खरा गरजेचा होता, पण तो थोड्याशा आकड्यांचा होता. तेवढ्यासाठी अख्खा संगणक, त्याची वीज, त्याची दुरुस्ती आणि अडखळणारी जोडणी सांभाळावी लागत होती.

मग त्यांनी साधा मोबाइल फोन आणि लघुसंदेश, म्हणजे एसएमएस, एवढ्यावर तीच कामं करून पाहिली. सात गावांमध्ये आठ महिने हा प्रयोग चालला. २००७ साली त्याचा निबंध प्रसिद्ध झाला. संगणकावर होणारी सगळी कामं फोनवर झाली, खर्च कमी आला, आणि शेतकऱ्यांना ती सोय अधिक आवडली.

या गोष्टीवरून वारणेच्या पहिल्या प्रकल्पाला नावं ठेवणं सोपं आहे, पण न्यायाचं नाही. १९९८ मध्ये खेड्यातल्या शेतकऱ्याच्या खिशात फोन नव्हता. गावोगावी केंद्र उभं राहिलं म्हणूनच लोकांना कशाची गरज पडते ते दिसलं. गरज ही पुष्कळदा आधी विचारून सांगता येत नाही. काहीतरी हाताशी आल्यावर ती उघड होते. चूक होते ती, एकदा दिलेल्या गोष्टीचा वापर कसा होतो हे पाहायला परत न गेल्यानं. इथे ते पाहायला कोणीतरी गेलं, म्हणून ही गोष्ट सांगण्याजोगी झाली.

चिठ्ठीचा माग

गरजा शोधण्याची एक साधी रीत आहे. एखादा कागद घ्यायचा आणि तो कुणाकुणाच्या हातातून जातो त्याचा माग काढायचा. उसाच्या तोडीची चिठ्ठी घेऊ.

शेतकरी लागण झाल्यावर नोंद देतो. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लावला जातो, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, सुरू जानेवारी-फेब्रुवारीत, शिवाय खोडवा. को ८६०३२ की दुसरी जात, हेही लिहावं लागतं. यावरून कोणता ऊस कधी पक्व होईल याचा अंदाज येतो आणि तोडीचा क्रम लागतो. शेतकऱ्याला हवं असतं ते एकच: माझा नंबर कधी? वेळ टळली की वजन घटतं आणि पुढचं पीक लांबतं.

शेतकी विभागाची गरज वेगळी. गाळप दिवसरात्र सारखं चालायला हवं. आज जास्त ऊस आला आणि उद्या कमी, असं चालत नाही. इथे एक रसायनशास्त्र आहे. ऊस तोडला की त्यातल्या साखरेचं, म्हणजे सुक्रोजचं, विकरांमुळे ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये विघटन होऊ लागतं. जिवाणूही कामाला लागतात. म्हणून तोडलेला ऊस साधारण दिवसभरात गाळला जावा लागतो, नाहीतर उतारा पडतो.

गाडीवानाला हवं असतं ते वजनकाट्यावरच्या रांगेत किती वेळ जाणार याचं उत्तर. हिशेब विभागाला टनाचा आकडा हवा असतो. गावच्या सोसायटीला पीककर्जाची वसुली बिलातून व्हायला हवी असते. वशिल्याच्या माणसाला मात्र क्रम सगळ्यांना दिसूच नये असं वाटत असतं. ही ‘गरज’ कोणी लिहून देत नाही, पण आराखडा करणाऱ्यानं ती ओळखायला लागते. गरजा एकमेकींच्या आड येतात, आणि कोणती वर ठेवायची हा निर्णय तंत्राचा नसतो, न्यायाचा असतो.

आणि चिठ्ठी शेवटी पोचते ती टोळीकडे. नवरा-बायकोच्या जोडीला मिळून ‘एक कोयता’ म्हणतात. पहाटे फडात जायचं, ऊस तोडायचा, पाचट काढायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत भरायच्या. हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती टनांमागे फिटत जाते. या जोडीला काय हवं असतं? आजवर आपले किती टन भरले? उचलीतले किती फिटले? उद्याचा फड कुठे? प्रश्न तीनच. यांतल्या पहिल्याचा आकडा काट्यावर रोज तयार होतो. पण तो शेतकऱ्याच्या नावानं आणि गाडीच्या नावानं नोंदला जातो. मजुराचा करार साधारणपणे मुकादमाशी असतो, म्हणून त्याचा हिशेब मुकादमाच्या वहीत राहतो. वारणेच्या प्रकल्पाच्या वर्णनात ज्या सेवा येतात त्याही ऊस पिकवणाऱ्यासाठीच्या आहेत. संगणकाला आणखी एक रकाना जड नव्हता. तो रकाना मागायला बैठकीत कोणी नव्हतं.

तिसरी अवस्था

आता पुन्हा शाळेत येऊ. १९९४-९५ मध्ये जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमाच्या निमित्तानं शाळांची माहिती संगणकावर एकत्र करण्याची व्यवस्था आखली गेली. ती ‘डायस’. २०१२-१३ पासून ती ‘यू-डायस’ झाली. तिची संदर्भ तारीख दीर्घकाळ ३० सप्टेंबर होती. म्हणजे त्या दिवशी पटावर असलेली मुलं मोजायची.

दिल्लीत नियोजन करणाऱ्याच्या दृष्टीनं ही तारीख योग्यच होती. प्रवेश स्थिरावलेले असतात आणि देशभरच्या आकड्यांची तुलना करता येते. पण केज तालुक्यात त्यानंतर महिना-दीड महिन्यात गाव अर्धं होतं. एका तारखेच्या छायाचित्रात चालणारा माणूस उभाच दिसतो, तसं हे झालं. इथल्या शिक्षकाला दुसरी एक माहिती हवी असते: कोण गेलं, कुठे गेलं, कुणाबरोबर, कोण आजीजवळ राहिलं, कोण कधी परतलं. हे शिक्षकाला तोंडपाठ असतं. पण व्यवस्थेच्या आराखड्यात शिक्षक माहिती भरणारा होता, वापरणारा नव्हता. तेव्हा त्याची गरज कुणी विचारणार कशी?

२०१५ मध्ये महाराष्ट्रात ‘सरल’ प्रणाली आली आणि एकेका विद्यार्थ्याची नोंद संगणकावर गेली. पुढे २०२२-२३ पासून यू-डायसमध्येही देशभर विद्यार्थीनिहाय माहिती घेतली जाऊ लागली. ही मोठी सुधारणा होती. पण जुन्या जनरल रजिस्टरपासून शाळेच्या कागदांना दोनच अवस्था ओळखीच्या आहेत: नाव पटावर आहे, किंवा दाखला घेऊन गेलं आहे. ऊसतोडीला गेलेलं मूल तिसऱ्याच अवस्थेत असतं. ते गेलं आहे, पण सुटलेलं नाही. परत येणार आहे. त्याचा फड हंगामात अनेकदा बदलतो, त्यामुळे दुसऱ्या एका शाळेत कायमचा दाखलाही बसत नाही.

ही तिसरी अवस्था ओळखण्याचे प्रयत्न झाले ते जमिनीवरून. कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा निघाल्या. मुलांना गावातच ठेवता यावं म्हणून हंगामी वसतिगृहं सुरू झाली. स्थलांतर करणाऱ्या मुलासोबत द्यायचं शिक्षण हमी पत्रक आलं. त्या पत्रकाकडे आपण कदाचित आणखी एक कागद म्हणून पाहिलं असेल. पण ‘हे मूल आमचं आहे, सध्या तुमच्याकडे आहे, आणि परत येईल’ असं म्हणणारा तो कागद आहे. गरज नीट ओळखली गेली की कागदही किती कमी शब्दांत काम करू शकतो, याचा तो नमुना आहे.

वर्गात करून पाहण्यासारखं

सातवी-आठवीच्या मुलांबरोबर हा माग काढण्याचा खेळ सहज करता येईल. संगणक नसला तरी चालेल. रेशनची पावती, एसटीचं तिकीट, दूध डेअरीची चिठ्ठी, शाळेचा हजेरीपट, यांतला एक कागद प्रत्येक गटाला द्या. तो कागद कोण तयार करतं, कुणाच्या हातातून जातो, शेवटी कुठे ठेवला जातो ते शोधून आणायला सांगा. मग चार प्रश्न विचारा.

हा कागद कोण भरतं? तो कोण वापरतं? त्यावरच्या माहितीनं कुणाचं नुकसान किंवा फायदा होऊ शकतो? आणि यांतलं कोण हा कागद ठरवताना हजर नव्हतं?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मुलं पटकन देतील. तिसऱ्याला वेळ लागेल. चौथ्याच्या उत्तरासाठी कदाचित कुणाच्या तरी घरी जाऊन विचारावं लागेल. तो गट दिवाळीआधी नेमा. युसूफ वडगावसारख्या गावात दिवाळीनंतर त्या घराला कुलूप असेल.